ठेच

ममेलोडीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
आमची जॅझची भिशी भरते.
ज्याचा नंबर, त्यानं तबकड्या आणायच्या.
बाकीच्यांनी कडक इस्त्रीची पँट, दोन रंगांचे बूट
आणि मोकळे गुडघे.

मी पावाची गाडी चालवतो. पहाटे तीनला डेपो.
पगार मोखादीच्या हातात,
माझ्याकडे उरतं ते सुट्टं, कॉफीच्या डब्यात.
त्यातून पहिली घेतली सुई.
लोक आधी कपाटाएवढे स्पीकर आणतात
आणि तबकडीवर जुनीच सुई नांगरासारखी धरतात.
मला त्या सुईला अकरा महिने लागले.
बसवली त्या रात्री कळलं,
ज्याला मी ड्रमवरचा ब्रश समजत होतो
तो निम्मा माझ्याच घरातला धुरळा.
खरा ब्रश त्याच्या खाली होता,
झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरावा इतका हलका.

मग धुणं. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब,
हट्टी मळाला सुताराचा गोंद,
वाळला की साय काढावी तसा अलगद सोलायचा.
मोखादी दारातून म्हणाली,
पोरांना कधी इतकं न्हाऊ घातलं नाहीस.

निळ्या खोळीची ती एक तबकडी वडिलांची.
लेडी सेलबोर्नमधून आम्हाला उठवलं तेव्हा
आईनं ती गादीच्या घडीत घातली, गादी लॉरीत.
तिसऱ्या मिनिटाची चीर त्या लॉरीतली.
तिथे सॅक्सोफोन श्वास घेतो, सुई उडी मारते,
आणि आपण एकदम पुढच्या गल्लीत.

यंदा मार्चमध्ये वॉटरक्लूफला पाव टाकताना
एक घर पर्थला निघालेलं.
गॅरेजमध्ये खोकी, खोक्यात तीच निळी खोळ.
उजेडात तिरकी धरली. एक रेघ नाही.
साठ वर्षं ती कुणी ऐकलीच नव्हती.
बाईनं विचारलं, चांगली आहे का हो?
मी म्हणालो, बरी आहे.
तीस रँड.
त्या ‘बरी’चं देणं अजून माझ्याकडे बाकी आहे.

कपाट एकच. एक आली की एक गेली पाहिजे.
वडिलांची दिली शेजारच्या लेसीबाला, चाळीसला.
दहा रँड नफा. डब्यात टाकले,
वाजले नेहमीपेक्षा मोठ्यानं.

रविवारी नवी लावली.
म्हातारा माशिशी उठला, वय ऐंशी,
टोपी डोळ्यांवर, हात खिशात, नाच सगळा घोट्यात.
पहिलं मिनिट. दुसरं.
तिसऱ्यात सॅक्सोफोननं श्वास घेतला
आणि माशिशीनं उडी मारली.
भिंतीकडेच्या सगळ्यांच्या टाचा उचलल्या गेल्या,
माझीही.
तबकडी मात्र नाही उडली.

आम्ही पुढच्या गल्लीत जाऊन उभे,
आणि मागे, ज्या रस्त्यावर आमच्यापैकी कुणीच
कधी पाऊल टाकलं नव्हतं,
तिथून पियानो एकटा चालत येत होता,
चार मात्रा, जराशा अडखळत,
घर शोधणाऱ्या माणसासारख्या.

कुणी बोललं नाही.
मग माशिशी म्हणाला, मालेसेला,
तुझी तबकडी बरी झाली,
आमच्या पायांचं काय करतोस?
हसू झालं. पुन्हा लाव म्हणाले. लावली.
पाय पुन्हा उडाले.

बुधवारी लेसीबाकडे गेलो. पन्नास देतो म्हटलं.
पोरगं म्हणालं, विकायची नाही. पण बसा.
बसलो. तो ती चीर तोंडानं वाजवतो,
शिटीसकट, अगदी वेळेवर,
त्याला वाटतं तसंच लिहिलंय.
मी काही सांगितलं नाही.
फक्त त्याची सुई पाहिली, वाकून, चष्मा काढून.
बोथट. अशीच चालवली तर वर्षभरात
वडिलांचं उरलंसुरलं खरवडून निघेल.

घरी येऊन डबा ओतला.
एकशे बारा रँड, एक बटण.
नव्या सुईला, माझ्या हिशोबानं,
नाताळ उजाडेल.